उच्चशक्ती ॲम्प्लिफायरची निवड (घरगुती हायफाय)

घरगुती हायफाय संचात स्पीकरला प्रत्यक्ष विद्युतशक्ती पुरवणारा भाग म्हणजे पॉवर ॲम्प्लिफायर. 8 ओहमच्या (ओहम हे प्रवाहाला होणाऱ्या रोधाचे माप) स्पीकरला दर चॅनलमागे, म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला, 100 वॅट किंवा त्याहून अधिक शक्ती सातत्याने देणारा ॲम्प्लिफायर घरच्या वापरात साधारणपणे उच्चशक्तीचा समजला जातो. संगीतातले क्षणिक जोरकस आघात न फाटता उमटावेत, यासाठी तो घ्यायचा असतो. सातारा-सांगली पट्ट्यात वॅटचा अंदाज बहुतेकजण मिरवणुकीतल्या डॉल्बीवरून बांधतात, आणि घरासाठी तो अंदाज पार चुकतो. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये रोजच्या ऐकण्याला सरासरी एखादा वॅटच खर्च होतो. उरलेली शक्ती राखीव असते, आणि ती किती हवी हे स्पीकर, खोली व ऐकायचे संगीत यांवरून ठरते.

शक्ती आणि पातळी : शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी 3 डेसिबलने चढते. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. म्हणून 60 वॅटचा ॲम्प्लिफायर विकून 80 वॅटचा आणण्यात काहीच हाती लागत नाही. फरक सव्वा डेसिबलचा पडतो. बदलायचेच तर निदान तिप्पट-चौपट शक्तीकडे जावे, नाहीतर तो पैसा स्पीकरवर घालावा.

स्पीकरची संवेदनशीलता 1 वॅटला 1 मीटर अंतरावर मिळणाऱ्या डेसिबलमध्ये सांगतात. 86 डेसिबलची जोडी 3 मीटरवरून ऐकली, तर अंतरामुळे साडेनऊ डेसिबल जातात आणि दोन स्पीकरमुळे तीन परत मिळतात. बसल्या जागी 1 वॅटला सुमारे 80 डेसिबल पातळी येते. भिंतींवरून परतणारा आवाज त्यात थोडी भर घालतो. ही पातळी घरात चांगली भरदार असते. संगीतातले शिखर सरासरीच्या 10 ते 20 डेसिबल वर जाऊ शकते. 20 डेसिबल म्हणजे शंभरपट, तेव्हा तोच 1 वॅट त्या क्षणापुरता 100 वॅट मागतो. स्पीकर 92 डेसिबलचा असेल तर हेच काम 25 वॅटमध्ये होते. 83 डेसिबलचा लहान, सीलबंद पेटीचा स्पीकर असेल तर 200 वॅट लागतात. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय दुकानात जाऊ नये.

मिरजेत घडणाऱ्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्याचा झंकार संथ आणि सलग असतो. तो नीट ऐकू यायला पहिला अर्धा वॅट स्वच्छ असावा लागतो, शंभरावा वॅट तिथे कामाला येत नाही. तबल्याचे उलट आहे. डग्ग्याची थाप किंवा हलगीचा कडाका सेकंदाच्या अगदी लहान अंशात शिखर गाठतो, आणि चांगल्या डिजिटल ध्वनिमुद्रणात ते शिखर जसेच्या तसे टिकून असते. मिरजेत वास्तव्य केलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ (मृत्यू 1937) यांच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या ज्याला मुख्यतः ऐकायच्या आहेत, त्याला मोठ्या ॲम्प्लिफायरची गरज नाही. त्या तबकड्यांत मंद आणि जोरकस यांतले अंतर मुळातच मर्यादित आहे. दहा-पंधरा वॅटचा सुरेल ॲम्प्लिफायर त्यांना पुरून उरतो.

आवाज फाटणे : मागितलेले व्होल्टेज ॲम्प्लिफायरच्या आतील पुरवठ्यापेक्षा जास्त झाले की तरंगाचे माथे सपाट कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. कापल्या गेलेल्या तरंगात वरच्या पट्टीचे अनाहूत स्वर शिरतात, आणि सरासरी शक्तीही शिखराच्या मानाने वाढते. दोन्हींचा भार ट्वीटरच्या (तार स्वर वाजवणाऱ्या लहान स्पीकरच्या) केसासारख्या तारेवर पडतो. लहान ॲम्प्लिफायर रेटून वाजवल्याने ट्वीटर जळतात ते यामुळे. स्पीकरवर छापलेले 100 वॅट म्हणजे त्याची उष्णता सोसण्याची सीमा. 200 वॅटचा ॲम्प्लिफायर त्याला जोडायला हरकत नाही, मात्र आवाजाची कळ सांभाळून फिरवणारा हात घरात हवा.

ओहम आणि प्रवाह : 8 ओहमच्या भारात 100 वॅट म्हणजे 28.3 व्होल्ट, आणि शिखराला 40 व्होल्ट व 5 अँपिअर. स्पीकरचा रोध 4 ओहमवर उतरला की तेच व्होल्टेज टिकवायला 10 अँपिअर लागतात. ‘8 ओहम’ म्हणून विकला जाणारा स्पीकरही खर्जात काही ठिकाणी चारच्या आसपास येतो. म्हणून माहितीपत्रकात दोन आकडे शोधावेत: 8 ओहमला किती आणि 4 ओहमला किती. दुसरा आकडा पहिल्याच्या दुपटीजवळ असेल तर आतला ट्रान्सफॉर्मर व कपॅसिटर (वीज साठवणारे घटक) दमदार आहेत. दोन्ही आकडे सारखेच असतील किंवा 4 ओहमचा आकडाच दिलेला नसेल, तर तो ॲम्प्लिफायर अवघड स्पीकरला पुरणार नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते छापील कमाल वॅटपेक्षा हे गुणोत्तर जास्त बोलके असते.

वॅटच्या छापील आकड्यांना शिस्त लावण्याचा एक प्रयत्न अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1974 मध्ये नियम करून केला. आपल्याकडे ‘पीएमपीओ’ (संगीताच्या क्षणिक शिखराची म्हणून सांगितलेली शक्ती) हा आकडा वर्षानुवर्षे खोक्यांवर झळकला. त्याला मोजणीची कोणतीही मान्य पद्धत नाही, तो सरळ सोडून द्यावा. सातत्याची शक्ती, दोन्ही चॅनल एकाच वेळी चालू, 20 ते 20,000 हर्ट्झ, विकृती (मूळ आवाजात होणारा बिघाड) किती टक्के, हे सारे एका ओळीत दिले असेल तरच आकडा तुलनेला योग्य. मागच्या पट्टीवरची वीजखपत हाही ढोबळ पुरावा आहे. 40 वॅट वीज घेणारा डबा 200 वॅट सातत्याने बाहेर देऊ शकत नाही.

प्रकार : ए वर्गात ट्रान्झिस्टर (शक्ती वाढवणारे घटक) कायम पूर्ण चालू राहतात, कार्यक्षमता सिद्धांतानेही 50 टक्क्यांपुढे जात नाही आणि शांत बसलेले यंत्रही खोली तापवते. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीकडे सरकत असताना, मोठा ए वर्ग ॲम्प्लिफायर घेणे शहाणपणाचे नाही. एबी वर्ग, ज्यात ट्रान्झिस्टर बव्हंशी पाळीपाळीने चालतात, हा घरगुती उपयोगाचा मध्यममार्ग आहे. डी वर्गात ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद होतात, म्हणून कार्यक्षमता 90 टक्क्यांच्या आसपास जाते, वजन व उष्णता कमी असते, आणि स्विचिंग पुरवठा रुंद पल्ल्याचा (कमी-जास्त व्होल्टेजवर चालणारा) असेल तर व्होल्टेजच्या चढउतारांची त्याला फारशी तमा नसते. सुरुवातीच्या डी वर्गाविषयीच्या तक्रारी आजच्या चांगल्या यंत्रांना लागू होत नाहीत. कोणताही प्रकार असो, काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवू नये. वर निदान वीतभर मोकळी जागा हवी.

वीजपुरवठा : जलविद्युत प्रकल्पाचे कोयना धरण सातारा जिल्ह्यात असले तरी शेतीपंपांच्या भाराखालच्या गावांत संध्याकाळी 230 व्होल्टचे 190 होणे नवे नाही. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या एबी ॲम्प्लिफायरमध्ये आतला पुरवठाही त्याच प्रमाणात उतरतो, आणि शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते: 100 वॅटचे सुमारे 68 उरतात. ऐकायला हा तोटा पावणेदोन डेसिबलहून कमी आहे. म्हणजे मुळात थोडी जास्त शक्ती घेतली असेल तर स्टॅबिलायझरशिवाय भागते. व्होल्टेज फारच हेलकावत असेल तर सर्वो (मोटरने व्होल्टेज जुळवणारा) स्टॅबिलायझर घ्यावा, तोही भरपूर क्षमतेचा. टीव्हीसाठीचा छोटा स्टॅबिलायझर शिखराच्या क्षणी प्रवाह अडवतो. चौकोनी तरंगाच्या इन्व्हर्टरवर मोठा ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, म्हणून इन्व्हर्टर शुद्ध साइन तरंगाचा असावा. मोठा टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर चालू करताना क्षणभर इतका प्रवाह ओढतो की एमसीबी पडते. सॉफ्ट स्टार्ट (प्रवाह हळूहळू चढवण्याची सोय) असलेले यंत्र निवडले की हा त्रास टळतो. वळवाच्या गडगडाटात प्लग काढून ठेवणे हाच खात्रीचा उपाय.

जुन्या वाड्यांतल्या वायरिंगमध्ये बऱ्याचदा अर्थिंगच नसते. आधी ते करून घ्यावे. सेटटॉप बॉक्सच्या केबलमुळे घरघर येते तेव्हा काहीजण प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकतात. हे जिवावर बेतू शकते. घरघर केबलच्या बाजूने विलगक (आयसोलेटर) बसवून घालवावी. स्पीकरसाठी 2.5 चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते. 10 मीटरच्या जाण्यायेण्यात तिचा रोध सुमारे 0.14 ओहम भरतो. महागड्या केबलवर खर्च करण्याचे कारण नाही.

खोली : माळवदाच्या, मातीविटांच्या वाड्यात लाकडी छत आणि दारे-खिडक्या खर्जाचे स्वर बरेच शोषतात वा बाहेर सोडतात, तिथे शक्ती थोडी जास्त खपते. स्लॅबच्या, गुळगुळीत फरशीच्या नव्या फ्लॅटमध्ये आवाज साचतो. तिथे 200 वॅट घेण्याआधी जाजम, पडदे आणि पुस्तकांची कपाटे यांचा विचार करावा. त्याने होणारा फरक ॲम्प्लिफायर बदलून होत नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात घराबाहेरच्या आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल आहे. कृष्णाकाठच्या सांगलीत 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्यांनी तळमजल्यावर हे वजनदार यंत्र जमिनीलगत मांडू नये.

डॉल्बीचा ॲम्प्लिफायर घरात : या भागात ध्वनिक्षेपणाचा धंदा मोठा असल्याने वापरलेले, 500 वॅटचे ॲम्प्लिफायर स्वस्तात मिळतात आणि ते दुरुस्त करणारे कारागीरही जवळ असतात. मोह स्वाभाविक आहे. परंतु त्यांचा पंखा शांत खोलीत सतत ऐकू येतो आणि वाढीव गेनमुळे (आत आलेला संकेत किती मोठा केला जातो त्या प्रमाणामुळे) संवेदनशील स्पीकरमधून फुसफूस येते. 2 व्होल्टच्या सीडी प्लेअरला 8 ओहमवर 100 वॅट काढायला 23 डेसिबल गेन पुरतो. गेन कमी करण्याची सोय असलेला, पंखा तापल्यावरच फिरणारा ॲम्प्लिफायर मिळाला तर 83 डेसिबलच्या स्पीकरसाठी तो जरूर विचारात घ्यावा.

जुना ॲम्प्लिफायर घेताना स्पीकर जोडण्याआधी मल्टिमीटरने बाहेरच्या टर्मिनलवरचे डीसी व्होल्टेज तपासावे. ते 50 मिलिव्होल्टच्या आत असावे. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर मोठ्या ॲम्प्लिफायरचे सगळे व्होल्टेज वूफरवर (खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरवर) येते आणि त्याची कॉइल काही सेकंदांत जळते. यासाठी संरक्षक रिले (बिघाड होताच स्पीकर तोडणारा स्विच) असलेलेच यंत्र घ्यावे. चालू केल्यावर दोन-चार सेकंदांनी येणारी ‘टक’ ही बहुधा त्या रिलेची असते. पुरवठ्याचे कपॅसिटर फुगलेले असतील तर ते बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून भाव ठरवावा.