बायलंड मठातील भूतकथा

बायलंड मठातील भूतकथा : इंग्लंडच्या उत्तर यॉर्कशरमधील बायलंड या सिस्टर्शियन (ख्रिस्ती संन्याशांच्या एका पंथाच्या) मठातील एका अनामिक संन्याशाने इ. स. १४०० च्या सुमारास लॅटिनमध्ये टिपून ठेवलेल्या बारा कथा. मेल्यानंतर आपले काय होईल याचे मध्ययुगीन ख्रिस्ती माणसाला वाटणारे भय समजून घ्यायला याहून थेट साधन क्वचितच मिळते. या कथा प्रवचनासाठी घासूनपुसून तयार केलेल्या नाहीत. आसपासच्या खेड्यांत लोक जे सांगत होते ते गावांच्या आणि बऱ्याचदा माणसांच्याही नावांसकट येथे उतरले आहे.

कथा ज्या हस्तलिखितात सापडतात ते त्यांच्यापेक्षा बरेच जुने आहे. त्यात सिसेरोचे काही लेखन व ईश्वरविद्येवरील एक प्रश्नोत्तरी असून, कोऱ्या राहिलेल्या पानांवर संन्याशाने कथा लिहिल्या. काळ ठरवण्याचा मुख्य आधार हस्ताक्षराचे वळण हाच आहे. कथांतील संदर्भ दुसऱ्या रिचर्डच्या कारकिर्दीकडे (१३७७–९९) बोट दाखवतात, मात्र काही गोष्टी त्याआधीपासून तोंडी फिरत असाव्यात. हस्तलिखित सध्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. हस्तलिखितांचे अभ्यासक व भयकथालेखक एम. आर. जेम्स यांनी १९२२ मध्ये लॅटिन संहिता प्रथम छापली.

कथांच्या उगमाविषयी मतभेद आहेत. यांतली भुते सावलीसारखी नाहीत. ती थडग्यातून देहासकट उठतात, झोंबतात, त्यांना धरता येते. एका कथेत भुताला पाठीवर घेऊन जाणाऱ्या बाईची बोटे त्याच्या कुजलेल्या मांसात रुततात. जेम्स यांना या गोष्टी डेन्मार्कच्या लोककथांची आठवण करून देणाऱ्या वाटल्या. नवव्या शतकात यॉर्कशरमध्ये डॅनिश लोकांच्या वसाहती झाल्या होत्या, त्यामुळे हे मत सहज टाकून देता येत नाही. दुसरा पक्ष चर्चच्या परंपरेकडे पाहतो. पोप पहिला ग्रेगरी याच्या सहाव्या शतकाच्या अखेरच्या संवादांत मृतात्मे जिवंतांकडे प्रार्थना मागतात, आणि एका मृत संन्याशाची तीस दिवसांच्या मिस्सांनी (चर्चमधील मुख्य उपासनाविधींनी) सुटका होते. त्याआधी संत ऑगस्टीनने मात्र मृतांना जिवंतांच्या व्यवहाराची सहसा खबर नसते, अशी सावध भूमिका घेतली होती. शुद्धिस्थान (स्वर्गात जाण्यापूर्वी मृतात्मा शिक्षा भोगून शुद्ध होतो ते ठिकाण) ही स्वतंत्र जागा म्हणून बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात कल्पिली गेली, हे फ्रेंच इतिहासकार झाक ल गॉफ यांचे मत (१९८१) प्रसिद्ध आहे; इतर अभ्यासकांना तिची मुळे अधिक जुनी वाटतात. लिआँच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने (१२७४) मरणोत्तर शुद्धीची शिकवण अधिकृतपणे मांडली, एवढे निश्चित.

दोन्ही प्रवाह एकत्र आले असावेत, हे अधिक संभवनीय दिसते. बायलंडजवळच्याच न्यूबर्ग मठातील विल्यम याने ११९८ च्या सुमारास अशीच चालती प्रेते नोंदवली आहेत. काही ठिकाणी लोक प्रेत उकरून जाळतात. बकिंगहॅमशरमधल्या प्रसंगात मात्र लिंकनचा बिशप जाळण्याला नकार देऊन पापक्षमेचे पत्र मृताच्या छातीवर ठेवायला लावतो. म्हणजे दोन उपाय शेजारीशेजारी नांदत होते. यॉर्कशरमधील वॉरम पर्सी या ओस गावातील अकराव्या ते चौदाव्या शतकांतल्या, कापलेल्या व भाजलेल्या मानवी हाडांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. उठणाऱ्या प्रेतांची धास्ती हे त्याचे एक स्पष्टीकरण संशोधकांनी मांडले. दुष्काळातील नरमांसभक्षणाची शक्यताही तपासली गेली.

संग्रहातील सर्वांत विस्तृत कथा स्नोबॉल नावाच्या शिंप्याची आहे. तो घोड्यावरून अँपलफोर्थकडे परतत असताना एक डोमकावळा त्याच्यावर झेपावतो व त्याला खाली पाडतो. पिंडाला शिवणारा कावळा ज्याच्या ओळखीचा, त्या मराठी वाचकाला हे रूप जवळचे वाटेल. शिंपी तलवारीने वार करतो, ते दलदलीतल्या मातीच्या ढिगावर पडल्यासारखे लागतात. पुढे तोच आत्मा साखळी घातलेला कुत्रा होऊन येतो. देवाच्या नावाने शपथ घातल्यावर तो बोलू लागतो; पण जिभेने नव्हे, शब्द आतड्यांतून उमटतात आणि उघड्या तोंडातून शिंप्याला त्याचे अंतरंग दिसते. तो धर्मबहिष्कृत, म्हणजे चर्चने वाळीत टाकलेला आहे. त्याला पापक्षमा आणि १८० मिस्सा हव्या आहेत. शिंपी पाच शिलिंग देऊन क्षमापत्र मिळवतो, ते गुपचूप थडग्यात पुरतो, यॉर्कमधील धर्मबंधूंकडून मिस्सा करवतो आणि ठरल्या रात्री क्रूस असलेल्या रिंगणात उभा राहून आत्म्याला भेटतो. रिंगण, शुभवर्तमाने, पवित्र अवशेष आणि रोकड यांत त्याला काहीही विसंगत वाटत नाही.

बहुतेक कथांत भूत दुष्ट नसते, ते अडकलेले असते. चांदीचे चमचे चोरलेला न्यूबर्गचा एक धर्मगुरू ते मठाधिकाऱ्याला परत करावेत म्हणून विनवतो. स्पेनमधील सान्तियागो या तीर्थक्षेत्राच्या यात्रेला निघालेल्या एका पित्याला रात्री मृतांची मिरवणूक दिसते. तिच्यात मोज्यात गुंडाळलेले एक अर्भक जमिनीवर लोळत असते. ते त्याचेच, स्नानसंस्काराविना (बाप्तिस्म्याविना) पुरलेले मूल निघते. बाप तिथल्या तिथे पवित्र त्रैक्याच्या नावाने त्याला नाव देतो, आणि मूल आनंदाने पायांवर उभे राहते. स्नानसंस्काराविना गेलेल्या बाळाला स्वर्ग नाही, ही शिकवण घरोघरी किती सलत होती हे येथे दिसते. धर्मशास्त्राने जी वाट ठेवली नव्हती ती कथेने काढली आहे.

जेम्स टँकर्ले या धर्मगुरूची कथा याला अपवाद ठरते. मठातच पुरलेला हा गुरू रात्री कर्बी या गावी जाऊन आपल्या रखेलीचा डोळा फोडतो. येथे मिस्सा नाही, क्षमा नाही. मठाधिपतीच्या आज्ञेने शवपेटी उकरून गॉर्मायर तळ्यात टाकली जाते, आणि ती वाहून नेणारे बैलही भयाने बुडता बुडता वाचतात. हे लिहिल्याबद्दल आपल्यावर संकट न येवो, वडीलधाऱ्यांकडून ऐकले तसेच लिहिले, असे संन्यासी नोंदवतो आणि टँकर्ले तरणाऱ्यांपैकी असेल तर देव त्याच्यावर दया करो, अशी प्रार्थना करतो. त्या ‘तर’मध्ये जे भय आहे ते कोणत्याही रिंगणाने आवरणारे नव्हते. म्हणूनच ही त्रोटक कथा संग्रहात सर्वांत महत्त्वाची मानावी लागते.

१५३८ मध्ये मठ विसर्जित झाला. रोमपासून वेगळ्या झालेल्या इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या श्रद्धाविषयक एकोणचाळीस कलमांपैकी बाविसाव्याने शुद्धिस्थानाची शिकवण निराधार ठरवली. मिस्सा मागणाऱ्या आत्म्याला त्यामुळे जागाच उरली नाही. भूत म्हणजे सैतानाचे सोंग किंवा भास, असे लुडविग लाव्हाटरसारखे प्रॉटेस्टंट लेखक सांगू लागले. कॅथलिक परंपरेत मृतांसाठी मिस्सा चालूच राहिली. वसई व गोव्यात २ नोव्हेंबरला थडग्यांवर मेणबत्त्या लावून होणारी प्रार्थना त्याच श्रद्धेची आहे.