डीएनए दुरुस्ती आणि कर्करोग

पेशीतील डीएनएला होणारी इजा शोधून ती भरून काढणाऱ्या प्रथिनांच्या कामाला डीएनए दुरुस्ती म्हणतात. माणसाच्या एकेका पेशीत दिवसाकाठी अशा हजारो इजा होतात. त्यांतल्या बऱ्याच ऊन किंवा तंबाखूचा धूर नसतानाही, पेशीतल्याच पाण्यामुळे आणि ऑक्सिजनमुळे होतात. डीएनए असा आपोआप झिजतो, हे टोमास लिंडाल यांनी दाखवले. पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांच्यासह त्यांना २०१५चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

दुरुस्ती हुकली की काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे झेरोडर्मा पिगमेंटोसम हा आनुवंशिक रोग. अतिनील किरणांनी डीएनएतले शेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात. निरोगी पेशी तेवढा तुकडा कापून नवा भरते. या रोगात ते कापणेच होत नाही, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवले. अशा मुलांच्या चेहऱ्यावर लहानपणीच दाट ठिपके येतात आणि त्वचेचा कर्करोग अनेकदा दहाव्या वर्षाच्या आतच गाठतो.

बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही जनुके जास्त परिचित आहेत. त्यांना सर्रास ‘कर्करोगाची जनुके’ म्हटले जाते, ते चुकीचे आहे. ती सगळ्यांत असतात. धोका असतो तो ती बिघडण्यात. डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले, की त्यांची प्रथिने शेजारच्या जुळ्या प्रतीवरून बघून मजकूर जसाच्या तसा जुळवतात. आईकडून किंवा वडिलांकडून एक बिघडलेली प्रत आली तरी दुसरीवर काम भागते. स्तन किंवा बीजांडकोशातल्या एखाद्या पेशीत दुसरीही गेली, की ती पेशी तुटकी टोके घाईघाईने जोडते, मधली अक्षरे गळतात आणि पेशीच्या वाढीला लगाम घालणारी जनुकेही त्यात सापडू शकतात. पुरुषांतही या बिघाडाने प्रोस्टेट व स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शक्यता वाढते.

हीच उणीव उपचारात कामी येते. किरणोपचार आणि सिसप्लॅटिन हे कर्करोगावरचे औषध डीएनएची मोडतोड करूनच पेशी मारतात. पार्प हे विकर एका धाग्यातल्या चिरा बुजवायला मदत करते. ते औषधाने रोखले, की पेशीचे विभाजन होताना त्या चिरांतून दोन्ही धागे तुटतात. निरोगी पेशी बीआरसीएच्या जोरावर सावरते, अर्बुदातली (कर्करोगाच्या गाठीतली) पेशी बीआरसीए बिघडलेले असल्याने मरते. प्रयोगशाळेत हे दोन गटांनी २००५ मध्ये दाखवले. पार्प रोखणाऱ्या ओलापॅरिब या औषधाला बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी २०१४ मध्ये अमेरिका व युरोपात मान्यता मिळाली.

डीएनएची नक्कल करतानाच्या चुका सुधारणारी यंत्रणा बिघडली (लिंच सिंड्रोम) तर मोठ्या आतड्याचा व गर्भाशयाचा कर्करोग संभवतो. चुकांनी भरलेली अशी अर्बुदे रोगप्रतिकारशक्तीच्या नजरेत भरतात. म्हणून त्यांवर, अवयव कोणताही असो, पेम्ब्रोलिझुमॅब हे रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध देण्यास अमेरिकेत २०१७ मध्ये परवानगी मिळाली.

ओलापॅरिबचा परिणाम मात्र कायम टिकतोच असे नाही. काही अर्बुदांत बिघडलेल्या बीआरसीएमध्ये आणखी एक बदल होऊन जनुक पुन्हा वाचता येऊ लागते. दुरुस्ती परतते आणि औषध निष्प्रभ होते. सिसप्लॅटिनच्या बाबतीतही हेच आढळले आहे.