स्मारकावर कोरलंय म्हणून तो रेडिओचा जनक होत नाही

अमेरिकेत केंटकीमधे मरे नावाचं छोटं गाव आहे, तिथे 1930 साली नेथन स्टबलफील्डचं स्मारक उभारलं आणि त्यावर सरळ ‘रेडिओचा शोध लावणारा’ असं कोरून टाकलं, तेव्हापासून हा गैरसमज फिरतोय. माणूस भन्नाटच होता हं, पेशाने शेतकरी, आणि 1902 ला त्याने वायर न जोडता आवाज पोचवून दाखवला हे खरंय. पण कसा? जमिनीत धातूच्या सळया रोवायच्या, करंट मातीतूनच जाणार! वॉशिंग्टनला पोटोमॅक नदीत बोटीवरून वायरी चक्क पाण्यात सोडल्या. 1908 चं पेटंट पण तारांच्या मोठ्या वेटोळ्यांचं, म्हणजे इंडक्शन (एका वेटोळ्यातल्या बदलत्या करंटमुळे जवळच्या दुसऱ्या वेटोळ्यात करंट तयार होतो ते). रेडिओ लहरी यात कुठेच नाहीत, त्यामुळे थोडं लांब गेलं की आवाज गायब. इटलीचा संशोधक मार्कोनी तर रेडिओ लहरी वापरून 1899 मधेच इंग्लिश खाडीपार संदेश पाठवून मोकळा झाला होता.