जुन्या ड्रमसेटवरील जॅझवादन (कोल्हापूर)

साधारणपणे १९२० ते १९७० या काळात बनलेल्या ड्रमसेटची पाने, म्हणजे वाजवायचे पडदे, त्या काळच्याच रीतीने ताणून, आवाज आटोक्यात ठेवून त्यावर जॅझची लय धरणे, असा हा वादनप्रकार आहे. जॅझ आणि ड्रमसेट दोन्ही अमेरिकेतले, न्यू ऑर्लीन्सच्या परिसरात जवळपास एकाच वेळी घडलेले. कोल्हापुरात जॅझची स्वतंत्र परंपरा रुजली नाही. इथे ड्रमसेट आला तो बँड पार्टी आणि ऑर्केस्ट्राच्या अंगाने, त्यामुळे तो मोकळ्या मैदानात ऐकू जाईल अशा जोराने वाजवायची सवय पडली. जुन्या सेटला नेमके याच्या उलट वादन लागते. मात्र त्याला जपण्यासाठी जे कसब लागते, ते या शहरात दुसऱ्या कामांच्या निमित्ताने पिढ्यान्पिढ्या मुरलेले आहे.

सेटची घडण

सुरुवातीच्या बँडमध्ये एक जण बास ड्रम, म्हणजे खर्जातला मोठा ढोल, वाजवी आणि दुसरा स्नेअर, म्हणजे खालच्या पानाला तारा लावलेला उथळ ड्रम. पायाने चालणारे पेडल आल्यावर हे काम एकट्याने बसून करता येऊ लागले. विल्यम लुडविग यांनी १९०९ मध्ये असे पेडल बाजारात आणले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, आली. १९३० च्या दशकात ड्रमवादक जीन क्रुपा यांच्या आग्रहामुळे स्लिंगरलँड कंपनीने वरचे आणि खालचे अशी दोन्ही पाने ताणता येतील असे टॉम (तारा नसलेले मधल्या आकाराचे ड्रम) बनवले. पुढे जॅझसाठी १८ इंची बास ड्रम, १२ इंची टॉम, १४ इंची फ्लोअर टॉम आणि १४ इंची स्नेअर हा छोटा संच प्रतिष्ठित झाला. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या चौकडीतले एल्विन जोन्स आणि १९६३ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्याकडे आलेले टोनी विल्यम्स यांनी ग्रेट्श कंपनीच्या अशाच छोट्या सेटवर वाजवले.

जुन्या अमेरिकन सेटचे खोड, म्हणजे ड्रमचे लाकडी अंग, बहुधा तीन पातळ थरांचे असते. मेपल किंवा महोगनी, मध्ये पॉपलर, आणि कडेला आतून मजबुतीसाठी लाकडी रिंग. जिच्यावर पान टेकते ती कड गोलसर असते, त्यामुळे पान लाकडाला जास्त भिडते, वरचे किणकिणणारे स्वर दबतात आणि टोला ऊबदार, आखूड येतो. समोर माईक नाही आणि शेजारी पियानो व कॉन्ट्राबास (खर्जाचे मोठे तंतुवाद्य, थोडक्यात बास) आहे, अशा खोलीसाठी हा आवाज घडला होता. रॉक संगीताच्या मागणीने पुढे सेट मोठे आणि खोडे जाड झाली. त्यांवर जॅझ वाजत नाही असे नाही, पण हात सतत आवरून धरावा लागतो. जुन्या सेटवर हात मोकळा सोडला तरी बासवाला ऐकू येत राहतो.

वादन

लय पायाकडून हाताकडे गेली, हा या वादनाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल. आधी चारही मात्रा बास ड्रमवर ठोकल्या जात. काउंट बेसी यांच्या बँडमध्ये जो जोन्स यांनी लय हाय-हॅटवर नेली. १९४० च्या सुमारास केनी क्लार्क यांनी ती राइड सिंबलवर, म्हणजे लय धरायच्या मोठ्या झांजेवर, आणली आणि पाय फक्त अवचित आघातांसाठी मोकळा ठेवला. मॅक्स रोच यांनी ही वाट पुढे विस्तारली.

राइडवरचा मूळ बोल ‘डिंऽ, डिंग-ग, डिंऽ, डिंग-ग’ असा. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डावा पाय हाय-हॅट मिटतो, तिचा ‘चिक्’ येतो. ‘ग’ कुठे पडतो यावर सारे अवलंबून आहे. मात्रेचे तीन भाग केले तर मधला रिकामा आणि तिसऱ्यावर ‘ग’ हे मध्यलयीतले ढोबळ गणित. लय वाढत जाते तसे हे अंतर सपाट होते आणि द्रुतलयीत दोन भाग जवळपास सारखे होतात. म्हणून कागदावर लिहिलेले तिस्राचे गणित जसेच्या तसे वाजवले तर स्विंग येत नाही. तो रेकॉर्डबरोबर रोज बसून कानात उतरवावा लागतो.

उजवा पाय बास ड्रमवर चारही मात्रा इतक्या हलक्या ठेवतो की त्या श्रोत्याला वेगळ्या ऐकू येऊ नयेत, फक्त बासच्या स्वराखाली जाणवाव्यात. ऑर्केस्ट्रात तयार झालेल्या वादकाला जड जाते ते हेच. समेला दणका द्यायची पायाची सवय मोडायला महिने लागतात.

तबल्यावरून आलेल्या वादकाची अडचण निराळी. तीनतालाचा ठेका स्वतःच सांगतो की आपण कुठे आहोत, खाली (टाळी नसलेली मात्रा) आली की कान सावध होतो. राइडचा बोल मात्र पहिल्या बारपासून (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) शेवटच्यापर्यंत तोच. बारा बारच्या ब्लूज या ठरीव साच्याचे आवर्तन ४८ मात्रांचे, बत्तीस बारच्या गाण्याचे १२८ मात्रांचे, आणि त्याची सम ड्रमवर लिहिलेली नसते. ती बासच्या चालीत आणि पियानोच्या सुरावटीत असते. म्हणून जॅझ ड्रमर मनातल्या मनात गाणे म्हणत वाजवतो. गाणे सुटले की हात कितीही तयार असोत, घर चुकते. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ कोल्हापूरच्या दरबारात होते आणि लयीत घट्ट गुंफलेली ती गायकी या शहराने मनापासून ऐकली. इथल्या तबलजीला लय शिकवायची गरज नसते. दुसऱ्याच्या स्वरांत आपली सम शोधायला तेवढे शिकावे लागते.

एक गोष्ट मात्र त्याला आयती मिळते. एकल वादक आणि ड्रमर यांच्यात चार-चार बारचे सवाल-जवाब चालतात. चार बार म्हणजे १६ मात्रा, तीनतालाचे नेमके एक आवर्तन. ते मोजावे लागत नाही, अंगातच असते. मग तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, घ्यायचा मोह होतो. एखादी तिहाई बहार आणते, पण प्रत्येक वेळी समेवर गाठ मारली तर पुढच्या वादकाचा धागा तुटतो.

ब्रशचे, म्हणजे तारांच्या कुंच्यांचे, काम जुन्या स्नेअरवर सर्वांत खुलते. डावा ब्रश पानावर गोल घासत राहतो, उजवा त्यावर बोल टाकतो. आवाज येतो तो पानावरच्या खरखरीत पांढऱ्या लेपामुळे. मध्यभागी लेप झिजून टक्कल पडले की ब्रश मुका होतो, मग पान बदलण्यावाचून इलाज नाही.

पाने आणि पाऊस

१९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सेटवर वासराच्या कातड्याची पाने असत. रेमो बेली यांनी १९५७ मध्ये मायलर प्लॅस्टिकची पाने बाजारात आणली आणि काही वर्षांत कातडे मागे पडले. कातड्याचा टोला मऊ, ब्रशला तर त्याच्यासारखे दुसरे काही नाही. पण ते हवा पिते. दमट हवेत सैल पडते, कोरड्यात आवळते. जुन्या काळी अमेरिकेत बास ड्रमच्या आत दिव्याचा बल्ब लावत. त्याने पुढचे रंगवलेले पान उजळून दिसे आणि कातडे कोरडेही राही.

कोल्हापुरात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. खासबाग मैदानात कुस्ती रंगू लागली की हलगी कडाडते, आणि हलगीवाला फडात उतरण्याआधी जाळावर हलगी शेकून घेतो. शेकताना मध्येमध्ये टिचकी मारून स्वर पाहतो, हवा तसा चढला की जाळावरून उचलतो. अलीकडे फायबरच्या हलग्या सर्रास दिसतात, त्यामागे एक कारण पाऊसच आहे. ड्रमच्या पानाला मात्र जाळ दाखवता येत नाही, कारण ते लाकडी हूपवर (कड्यावर) ओले असताना गुंडाळून वाळवलेले असते. जुलैत सैल पडले म्हणून चाव्या (पान ताणणारे बोल्ट) आवळल्या आणि दोन दिवसांनी ऊन पडले, तर पान फाटते किंवा हूप वाकडा होतो. वाजवून झाल्यावर किती फेरे आवळले होते ते ध्यानात ठेवून तेवढे सोडणे, एवढी शिस्त पाळली तर कातडे वर्षानुवर्षे टिकते. या शहरात दिवाळीपासून मेअखेरपर्यंत स्नेअरला कातडे आणि पावसाळ्यात सगळीकडे लेपाचे प्लॅस्टिक, ही वाटणी सर्वांत व्यवहार्य.

जॅझसाठी पाने चढी लावतात. बास ड्रममध्ये उशी कोंबत नाहीत. त्याचे पुढचे पान शाबूत ठेवतात, भोक पाडत नाहीत. जुन्या ड्रमना आतून फेल्टची दाबपट्टी असते, तीही मोकळी सोडतात. प्रत्येक चावीजवळ टिचकी मारून स्वर जुळवायचा. तबल्याचे घर मिळवणाऱ्याला हे काम ओळखीचे वाटते.

सिंबल

सिंबलचा धातू सुमारे ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील, म्हणजे आपल्या काशाच्या कुळातला. झिल्जन घराण्याचे हे काम इस्तंबूलमध्ये १६२३ पासूनचे, अमेरिकेतला कारखाना १९२९ चा. इस्तंबूलमध्ये हाताने ठोकलेल्या जुन्या ‘के’ नावाच्या सिंबलचा आवाज गडद आणि कोरडा असतो, त्यामुळे काठीचा प्रत्येक टोला सुटा ऐकू येतो. झांज पथकांच्या या शहरात धातू घासून लख्ख करायची हौस आहे. जुन्या सिंबलला चिंच, पितांबरी, पॉलिश यांपैकी काहीही लावू नये. वरचा काळपट थर गेला की आवाज उजळतो आणि परत मिळत नाही.

दुरुस्ती

लुडविग, स्लिंगरलँड, ग्रेट्श, रॉजर्स या अमेरिकन सेटांच्या ताणाच्या बोल्टला इंचाला २४ आटे असतात आणि जाडी सुमारे साडेपाच मिलिमीटर. म्हणजे इथे सहज मिळणाऱ्या पाच आणि सहा मिलिमीटरच्या बरोबर मधली. सहाचा बोल्ट जोर लावून घातला की लगचे (खोडावरच्या, बोल्ट बसणाऱ्या खोबणीचे) आटे कायमचे जातात. शिवाजी उद्यमनगरात लेथवर इंची आटे पाडणारे कारागीर आहेत. मूळ बोल्ट नमुना म्हणून नेला की काम होते, तोंडी माप सांगून होत नाही. ब्रिटिश प्रीमियर कंपनीच्या १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापूर्वीच्या खोडांचा व्यास किंचित जास्त असतो, त्यामुळे आजची पाने त्यांवर अडकतात. सेट घेण्याआधी एक नवे पान बसवून पाहावे.

लगच्या आत छोटी स्प्रिंग असते. ती मोकळी झाली की टोल्यागणिक किणकिणते आणि दोष स्नेअरच्या तारांचा वाटतो. लग खोलून स्प्रिंगभोवती फेल्टचा तुकडा गुंडाळला की ते थांबते. जुन्या पेडलला चामड्याचा पट्टा असतो आणि तुटला तर त्यासाठी परदेशी बाजार धुंडाळायची गरज नाही. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले, कडक आणि चिवट असते. चप्पल कारागिराकडून पाठीकडचा तुकडा घ्यावा, पोटाकडचा ताणतो आणि पेडल ढिले पडते. बास ड्रमचे जुने पाय तकलादू असतात, पक्क्या फरशीवर सेट पुढे सरकतो. खाली घोंगडी अंथरली की तो जागचा हलत नाही.

शहर आणि श्रोते

जॅझ मुंबईत ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात रुजला. तिथले गोव्याचे वादक पुढे चित्रपटसंगीतात आले. सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदातले ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे त्यांतले ठळक नाव. बाबूराव पेंटर आणि भालजी पेंढारकर यांच्या या चित्रनगरीने स्विंग ऐकला तो अशा गाण्यांतून. माईकशिवाय वाजणाऱ्या छोट्या सेटला मोठे प्रेक्षागृह मानवत नाही, बैठकीची खोली मानवते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या गायन समाज देवल क्लबसारख्या संस्थेने या शहराला जवळ बसून, शांतपणे ऐकायची सवय लावली. जॅझच्या तिकडीला, म्हणजे पियानो, बास आणि ड्रमला, असाच श्रोता हवा.

मूळ भोकांखेरीज खोडाला नवे भोक कधीही पाडू नये. जास्तीचा टॉम किंवा नवा स्टँड बसवायचा असेल तर तो वेगळ्या पायावर उभा करावा. भोक बुजवता येते, पण सेटची किंमत आणि खोडाचा एकसंधपणा परत येत नाही.