रुमाल बांधला म्हणून फवारणीचं विष थांबत नाही

नाकाला रुमाल बांधला की फवारणीचं औषध बाधत नाही, हा समज घातक आहे. कीटकनाशक कातडीतूनही शिरतं. डोक्याएवढ्या उंच पऱ्हाटीत (कपाशीत) फवारा अंगावरच येतो, आणि ओला सदरा काढेपर्यंत विष शिरतच राहतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अशाच फवारणीत शेतकरी, शेतमजूर दगावले.

गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत मृत्यूनंतर 2 लाख मिळतात, पण सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एकालाच. पंप पाठीवर घेणारा भूमिहीन मजूर बाहेरच, हा अन्याय आहे.

मळमळ, भरपूर घाम, अंधूक दिसणं सुरू झालं की कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा, डब्याचं लेबल घेऊन दवाखाना गाठा. दूध-ताक पाजू नका. शुद्ध हरपत असेल तर ते श्वासनलिकेत जातं.