कमी असणे आणि कमी पडणे

रक्ताच्या रिपोर्टवर ‘आयर्न डेफिशियन्सी’ वाचले की आपण ‘अंगात लोह कमी आहे’ असा अर्थ लावतो आणि ‘अ‍ॅनिमिया’ हे त्याचेच दुसरे नाव समजतो. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. ‘अ‍ॅनिमिया’ हा शब्द मूळचा ग्रीक: ‘अन्’ म्हणजे नसणे (आपल्या ‘अनावश्यक’मधला ‘अन्’ त्याचाच भाऊबंद) आणि ‘हायमा’ म्हणजे रक्त. ‘डेफिशियन्सी’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ मात्र ‘कमी पडणे’. आणि एखादी गोष्ट भरपूर असूनही कमी पडू शकते.

प्रौढ शरीरात साधारण 3 ते 4 ग्रॅम लोह असते. रोज नव्या तांबड्या पेशी घडवायला 20 ते 25 मिलिग्रॅम लागते, पण अन्नातून शोषले जाते जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम. उरलेले सगळे जुन्या पेशी मोडून मिळते. हे मोडकामाचे लोह भक्षक पेशींमधून बाहेर पडायला एकच दार असते: फेरोपोर्टिन नावाचे प्रथिन. आतड्याच्या पेशींतून रक्तात येणाऱ्या लोहालाही तेच दार. यकृतातून स्रवणारे हेप्सिडिन हे संप्रेरक या दाराला चिकटते, पेशी ते दार आत ओढून नष्ट करते आणि लोह आतच अडकते. जंतुसंसर्ग किंवा जुनाट दाह (इन्फ्लमेशन) असला की इंटरल्युकिन-6 या संदेशवाहक प्रथिनामुळे हेप्सिडिन वाढते. जंतूंनाही लोह हवे असते, म्हणून हा साठा कुलूपबंद करणे शहाणपणाचेच. पण अस्थिमज्जा उपाशी राहते. कोठार भरलेले आणि चूल थंड!

म्हणून नुसते हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. लोह घटते तेव्हा आधी साठा, म्हणजे लोह साठवणारे फेरिटिन हे प्रथिन, उतरतो. हिमोग्लोबिन सर्वांत शेवटी, आणि ते उतरले की अ‍ॅनिमिया. निरोगी प्रौढात फेरिटिन लिटरमागे 15 मायक्रोग्रॅमखाली गेले तर साठा संपला असे जागतिक आरोग्य संघटना मानते. दाहात फेरिटिन फसवे वाढते, म्हणून तेव्हा हीच मर्यादा 70 धरतात. सोबत सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारे प्रथिन लोहाने किती भरले आहे ते) तपासले तर उलगडा होतो.

बीट लाल असते म्हणून रक्त वाढवते, हा समज सोडून द्यावा. तो रंग बीटालेन या द्रव्याचा. लोहाशी त्याचा संबंध नाही.

गोळीचेही गणित हेप्सिडिनच मांडते. 60 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक लोह पोटात गेले की हेप्सिडिन वाढते आणि सुमारे 24 तास चढे राहते. लगेच घेतलेल्या पुढच्या मात्रेतले लोह कमी शोषले जाते. त्यामुळे काही डॉक्टर गोळी दिवसाआड देतात. चहा-कॉफीतली पॉलिफेनॉल्स लोहाला बांधून ठेवतात, तेव्हा गोळी आणि चहा यांत अंतर हवे. सर्वांत नडते ती घाई: महिन्याभरात हिमोग्लोबिन वर येते, थकवा जातो आणि गोळी बंद होते. साठा तेव्हा रिकामाच असतो. तो भरायला हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते.