सेंटओएसनंतरचे वारसदार : पार्श्वभूमी

इंदुरात रामबागेपासून आरएनटी मार्गापर्यंत लहान ऑफिसांतून, कोचिंग क्लासांतून सर्व्हर चालतात. त्यांतल्या कित्येकांनी सबस्क्रिप्शनचं बिल कधी पाहिलेलंच नाही. काम चालायचं सेंटओएसवर, म्हणजे लिनक्सच्या एका मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर.

रेड हॅट या कंपनीच्या लिनक्सची मोफत मालिका २००३ साली ९ व्या आवृत्तीवर थांबली, उरली पैसे मोजायची एंटरप्राइझ आवृत्ती. तिचा सोर्स (मूळ कोड) मात्र खुला होता. तो घेऊन, ट्रेडमार्क काढून, बगांसकट (चुकांसकट) हुबेहूब बांधलेलं सेंटओएस २००४ मध्ये आलं. २०१४ मध्ये मूळ कंपनीनेच ते पंखाखाली घेतलं. तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं होतं!

डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं, की २०२९ पर्यंत चालायचं ते सेंटओएस ८ आता २०२१ अखेर बंद. त्याची जागा घ्यायला तशाच पुनर्बांधणीतून मार्च २०२१ मध्ये अल्मा लिनक्स आलं, जूनमध्ये रॉकी लिनक्स. कंपनीनेही एंटरप्राइझचा १६ मशीनपर्यंत फुकट परवाना देऊ केला, पण व्यक्तीच्या नावावर. ऑफिसला त्याचा काय उपयोग?

खरा वाद जून २०२३ चा. एंटरप्राइझचा सोर्स सर्वांसाठी ठेवणं कंपनीने बंद केलं. तो फक्त ग्राहकांना मिळणार. जीपीएल हा लिनक्सचा खुला परवाना म्हणतो, ज्याला बायनरी (चालवायला तयार प्रोग्राम) दिली त्याला सोर्स द्या. साऱ्या जगाला द्या, असं तो म्हणत नाही. इथवर कंपनीचं चूक नाही. पण ग्राहकाने तो सोर्स पुढे वाटला तर सबस्क्रिप्शन रद्द करण्याची मुभा करारात आहे, आणि घेणाऱ्यावर जादा बंधन घालू नका, हेही जीपीएलच सांगतो. कंपनीच्या बाजूचे म्हणतात, हातात आलेल्या कोडवरचा हक्क शाबूत आहे, फक्त पुढचे अपडेट थांबतात. सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारा, अपडेट थांबणं म्हणजे काय ते. फुकट पुनर्बांधणीतून आपल्याला काही मिळत नाही, ही कंपनीची तक्रार अगदीच खोटी नाही. तरी हे कलम पळवाटच वाटतं.

रॉकीने कंपनीच्या उघड मिळणाऱ्या कंटेनर इमेज (प्रोग्राम चालवायची तयार पाकिटं) आणि तासावर भाड्याने मिळणाऱ्या क्लाउड मशीनमधून सोर्स मिळवायची वाट काढली. अल्माने बगांसकट नक्कल करण्याचा हट्ट सोडला. एंटरप्राइझवरची ॲप्लिकेशन्स अल्मावर चालली म्हणजे झालं.

३० जून २०२४ ला जुन्या सेंटओएस ७ चीही मुदत संपली. मिररलिस्टचा (पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीचा) पत्ताच गेल्याने ‘यम अपडेट’ ही अपडेटची कमांड एररवर अडकू लागली. रेपोच्या (पॅकेजसाठ्याच्या) फाइलीत व्हॉल्टचा, म्हणजे जुन्या आवृत्त्यांच्या साठ्याचा, पत्ता घातला की एरर जाते, पण तिथे जुनीच पॅकेजेस आहेत, नव्या सुरक्षा-दुरुस्त्या नाहीत.